वही आणि उंबरठा

१८७१ या एकाच वर्षात इंग्रजी सत्तेने दोन कायदे केले. एक लंडनच्या पार्लमेंटात, गुन्ह्यांना आळा घालण्याचा. दुसरा हिंदुस्थान सरकारच्या कौन्सिलात, गुन्हेगार जमातींचा. दोन्ही कायद्यांच्या पोटात एक वही होती. सरकारला ज्याच्याकडून पुन्हा गुन्हा होईल असे वाटते तो माणूस कोण, राहतो कुठे, दिसतो कसा, हे त्या वहीत लिहायचे आणि पोलिसांनी त्याच्यावर नजर ठेवायची. लंडनच्या कायद्यात या देखरेखीखाली जायला माणूस दुसऱ्यांदा दोषी ठरावा लागे. हिंदुस्थानात विशिष्ट जमातीत जन्म झालेला पुरे होता. हा फरक फार मोठा आहे आणि त्याच्याकडे परत यावे लागेल. पण दोन्ही वह्यांत एक साम्यही होते. वही आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभा होता तो चोर, घरफोड्या, दरोडेखोर, खोटी नाणी पाडणारा. म्हणजे ज्याच्यापासून मालमत्तेला धोका तो. बाईच्या किंवा लेकराच्या शरीराला ज्याच्यापासून धोका आहे, त्याच्यावर सुटकेनंतर पद्धतशीर लक्ष ठेवावे, हा विचार इंग्लंडच्या कायद्यात उतरायला आणखी सव्वाशे वर्षे लागली. आपल्याकडे तो अजून अर्धामुर्धाच उतरला आहे.

लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही ही हल्ली नवी, आधुनिक उपाययोजना म्हणून पुढे येते. तिची आजी-पणजी दीडशे वर्षांची आहे, आणि म्हणूनच इतिहासाला विचारता येते की वहीने धोका खरोखर कमी होतो का. या इतिहासातून मला जे दिसते ते असे: गुन्हा घडून गेल्यावर संशयित शोधायला वही उपयोगी पडते. गुन्हा घडण्याआधी तो अडवायचा असेल, तर वहीतल्या नावाला एक ठरावीक पोलीस नेमावा लागतो. त्याने त्या माणसाच्या दारात जात राहावे लागते. त्याचे काम, बिऱ्हाड, सोबत, एकटेपण ओळखत राहावे लागते. आणि जे दिसले ते इतर खात्यांना वेळेत सांगावे लागते. नावे वाढत गेली आणि उंबरठ्यापर्यंत जाणारी माणसे वाढली नाहीत, की वही जाड होते आणि काम पातळ होते.

सुरुवात भीतीतून झाली. ऑस्ट्रेलियाकडे कैदी पाठवणे कमी होत गेले, तसे मुदतीआधी परवान्यावर सुटलेले कैदी इंग्लंडच्याच रस्त्यांवर दिसू लागले. १८६२ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये पार्लमेंटच्या एका सभासदाला रस्त्यात गळा आवळून लुटले गेले आणि वर्तमानपत्रांनी या परवानावाल्यांच्या नावाने हाकाटी केली. दोन वर्षांत कायदा आला: परवान्यावरच्या कैद्याने दर महिन्याला पोलिसांपुढे हजर व्हायचे. १८६९ मध्ये सराईत गुन्हेगारांची देशव्यापी नोंदवही सुरू झाली. १८७१ च्या कायद्याने तिला कैद्यांच्या छायाचित्रांची जोड दिली आणि पुन्हा दोषी ठरलेल्याला सुटकेनंतर सात वर्षांपर्यंत पोलिसांच्या देखरेखीखाली ठेवण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. थोड्याच वर्षांत वहीत दीड लाखांहून जास्त नावे भरली आणि ती वापरण्याजोगी राहिली नाही. नोंदी नावांच्या अक्षरक्रमाने होत्या, आणि सराईत माणूस सर्वांत आधी बदलतो ते नावच. शेवटी निवडक सुमारे १२ हजार नावांची वेगळी वही छापून पोलिसांना पाठवावी लागली. ओळख पटवण्याचा हा प्रश्न पुढे सुटला तो कलकत्त्यात. एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बोटांच्या ठशांचे वर्गीकरण बसवले, १८९७ मध्ये तिथे ठशांचा विभाग उघडला आणि १९०१ मध्ये तीच पद्धत स्कॉटलंड यार्डात गेली. माणूस कोण आहे, हे आता वही सांगू लागली. तो उद्या काय करील, हे ठशावरून कळत नाही.

त्या काळातली एक छोटी घडामोड मात्र मला फार मोलाची वाटते. सुटलेल्या माणसाला देखरेखीमुळे काम मिळत नाही, अशी तक्रार सतत होत होती: पोलीस चौकशीला येतो, मालकाला कळते, माणूस कामावरून जातो आणि पुन्हा चोरीला लागतो. स्कॉटलंड यार्डाने १८८० मध्ये सुटलेल्या कैद्यांच्या देखरेखीसाठी वेगळी कचेरी काढली. साध्या कपड्यांतले अधिकारी, आणि सुटलेल्या कैद्यांना मदत करणाऱ्या संस्थांशी संबंध ठेवून त्यांच्यासाठी काम शोधणे, अशी तिची रीत होती. नजर ठेवणारा आणि आधार मिळवून देणारा एकाच कचेरीत बसला. धोका कमी करायचा तर नुसता धाक पुरत नाही, हे पोलिसांनीच त्या वेळी ओळखले होते. पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ ही ओळख मागे पडली.

हिंदुस्थानात वहीने निराळेच रूप घेतले. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या माथी नोंद बसली. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी काढायची, आणि काहींना तर सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत राहायचे. ठाण्याच्या हद्दीत कुठेही चोरी झाली की वहीतली वस्ती झडायची. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’मुळे मराठी वाचकाला हे आतून माहीत आहे. १९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला, पण ठाण्यातली सवय रद्द झाली नाही. कोणी काय केले यापेक्षा कोण कोणत्या वस्तीतला, यावर नजर ठेवणे सोपे असते, म्हणून ती सवय टिकते. आणि या सगळ्या निगराणीत ज्याने खरोखर लेकराला हात लावला आहे असा गावातला प्रतिष्ठित माणूस कुठेही नव्हता. तो हजेरीला उभा राहणाऱ्यांत नसे. हजेरी घेणाऱ्यांच्या ओटीवर बसलेला असणे जास्त संभवनीय होते.

हाच कल फौजदारी प्रक्रिया संहितेतही दिसतो. १८९८ च्या संहितेत ५६५ वे कलम होते: काही गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याने सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत आपला पत्ता आणि पत्त्यातला बदल कळवावा, असा हुकूम न्यायालय देऊ शकते. हे गुन्हे कोणते, तर नाणी आणि मुद्रांकांचे, आणि मालमत्तेविरुद्धचे. १९७३ च्या संहितेत तेच कलम ३५६ झाले. शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांचे प्रकरण, ज्यात बलात्कारही येतो, त्यात घातले गेले ते या शतकाच्या पहिल्या दशकातल्या दुरुस्तीने. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ खोटा रुपया पाडणाऱ्याचा पत्ता ठेवण्याची तरतूद कायद्यात होती. दोनदा बलात्कार केलेल्याचा पत्ता ठेवण्याची नव्हती. निगराणीला आपण लोकांच्या रक्षणाचे नाव देतो, पण तिच्या वहीत कोणते रकाने आहेत हे पाहिल्यावर कळते की राज्यकर्त्यांना कशाची राखण करावीशी वाटत होती.

पोलिसाने माणसाच्या दारात जाणे म्हणजे काय, याचा निवाडाही आपल्याकडे एका दरोड्याच्या आरोपीच्या प्रकरणातून झाला. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग याला १९४१ मध्ये पुराव्याअभावी सोडून दिले होते. तरीही त्याची हिस्ट्रीशीट उघडली गेली. चौकीदार आणि शिपाई रात्री-बेरात्री त्याच्या दाराशी येऊन हाका मारत, उठवत, आत शिरत. १९६२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींच्या पीठाने रात्रीच्या या झडत्यांना परवानगी देणारा नियम रद्द केला. बाकीची निगराणी बहुमताने टिकली. दोन न्यायमूर्तींच्या मते ती सगळीच घटनाबाह्य होती, आणि २०१७ च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवून त्यांच्या बाजूने कौल दिला. खरक सिंगच्या दारात येणारा शिपाई काही जाणून घ्यायला येत नव्हता. तो दहशत बसवायला येत होता. उंबरठ्यावर जाण्याची ही एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा इंग्लंडमध्ये हळूहळू, चुका करत घडली.

त्याआधी अमेरिकेकडे थोडे पाहावे लागते. लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांनी पोलिसांकडे नाव नोंदवावे, असा राज्यभर लागू होणारा पहिला कायदा कॅलिफोर्नियाने १९४७ मध्ये केला. त्या काळच्या कायद्यात दोन प्रौढ पुरुषांचा संमतीने आलेला संबंधही गुन्हाच होता, त्यामुळे वहीत असे कितीतरी पुरुष गेले ज्यांच्यापासून कोणालाच धोका नव्हता. समाजाला काय आवडत नाही आणि समाजाला कशापासून धोका आहे, या दोन गोष्टी वहीत एका रांगेत बसल्या. पुढे १९९४ आणि १९९६ च्या केंद्रीय कायद्यांनी नोंदणी सगळ्या राज्यांना लागू केली आणि नोंदीतल्या माणसांची माहिती लोकांसाठी खुली झाली.

ब्रिटनने स्वतःची वही १ सप्टेंबर १९९७ रोजी उघडली. सुरुवातीचा कायदा अगदी हलका होता. दोषी ठरलेल्याने सुटल्यावर १४ दिवसांत नाव-पत्ता कळवायचा. टपालाने कळवला तरी चाले. कळवल्यावर पोलिसांनी काय करायचे, यावर कायदा जवळपास गप्प होता. पण सुटलेली माणसे प्रत्यक्ष समोर होती आणि पोलिसांना रोज निर्णय घ्यावे लागत होते. उत्तर वेल्समध्ये मुलांवरील अत्याचारासाठी शिक्षा भोगलेले एक जोडपे फिरत्या घरांच्या तळावर राहायला आले. ईस्टरची सुटी जवळ आली, तळावर कुटुंबे आणि मुले येणार होती. पोलिसांनी आधी त्या दोघांना निघून जायला सांगितले, मग तळाच्या मालकाला वर्तमानपत्रातली कात्रणे दाखवली. प्रकरण न्यायालयात गेले. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने पोलिसांची कृती योग्य ठरवली, पण अशी माहिती देणे हा अपवाद असला पाहिजे, तातडीची गरज असेल तेव्हाच, असे बंधनही घातले. त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये शिक्षा संपलेल्या एका कुप्रसिद्ध गुन्हेगाराला कुठेच थारा मिळेना म्हणून पोलीस ठाण्यातच ठेवावे लागले, आणि तो तिथे आहे अशी बातमी फुटल्यावर ठाण्याबाहेर दंगल झाली. कायद्याने पत्ता मागितला होता, पण पत्ता असायला घर लागते, हे कोणी धरलेच नव्हते.

मग २००० चा उन्हाळा आला. १ जुलैला वेस्ट ससेक्समधून आठ वर्षांची सारा पेन बेपत्ता झाली आणि नंतर तिचा मृतदेह सापडला. तिचा खून करणारा माणूस १९९७ च्या वहीत आधीपासून होता. पोलीस त्याच्या दारात लगेच पोहोचले, ते वहीमुळेच. पुढे तो दोषी ठरला. या प्रकरणातून लोकांनी जो धडा घेतला तो असा, की वही लोकांना दाखवली असती तर मूल वाचले असते. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने गुन्हेगारांची नावे आणि छायाचित्रे छापायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये पोर्ट्समथच्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत रात्रीमागून रात्री मोर्चे निघाले, गाड्या जाळल्या गेल्या, कुटुंबे घर सोडून पळाली, आणि त्यांतल्या काहींचा कोणत्याही गुन्ह्याशी संबंध नव्हता. वेल्समध्ये एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंच्या घरावर, त्यांच्या पेशाच्या इंग्रजी नावाचे बालअत्याचाऱ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाशी उच्चारसाम्य असल्यामुळे, घाणेरडे शब्द रंगवले गेले. वर्तमानपत्राला दोन आठवड्यांत मोहीम थांबवावी लागली. त्या आईबापांचे दुःख खरे होते आणि त्यांचा प्रश्नही खरा होता. पण त्या प्रकरणातली जी वस्तुस्थिती होती ती दुसरीकडे बोट दाखवत होती: पोलिसांकडे नाव होते, पत्ता होता, आणि १ जुलैच्या आधी त्या माणसावर सतत काम करण्याची रीत मात्र बसलेली नव्हती.

ती रीत बसवण्याचा प्रयत्न त्यानंतर झाला, आणि या इतिहासातला सर्वांत समृद्ध भाग तोच आहे. २००० च्या कायद्याने, २००१ पासून, प्रत्येक पोलीस विभागात पोलीस आणि प्रोबेशन खात्याने धोक्याचे मूल्यमापन मिळून करायचे असे बंधन आले. या बहुसंस्था व्यवस्थेला तिथे ‘मॅपा’ म्हणतात. दोन-तीन वर्षांत तुरुंग खातेही जबाबदार झाले, आणि घरे देणारी खाती, आरोग्य, शिक्षण, बालकल्याण, रोजगार केंद्रे यांच्यावर सहकार्याचे कायदेशीर बंधन आले. देखरेखीत सामान्य नागरिकांमधून नेमलेले सल्लागारही बसू लागले. पत्ता कळवण्याची मुदत १४ वरून ३ दिवसांवर आली आणि तो ठाण्यात जातीने जाऊन कळवणे भाग झाले. पुढे परदेश प्रवास, बँक खाती, अल्पवयीन मूल असलेल्या घरातला मुक्काम हेही कळवावे लागू लागले. बेघर असेल त्याने दर आठवड्याला यायचे.

पण खरे काम उंबरठ्यावर. खास प्रशिक्षण घेतलेले पोलीस साध्या कपड्यांत, खुणा नसलेल्या गाडीतून, बहुधा जोडीने आणि न कळवता घरी जातात. अतिधोक्याच्या माणसाकडे महिन्याला, त्याखालच्याकडे तीन किंवा सहा महिन्यांनी, कमी धोक्याच्या माणसाकडे वर्षातून एकदा, अशी घडी बसवली गेली. जातात ते पाहायला की नवा फोन कुठून आला, खोलीत लहान मुलांची खेळणी का आहेत, नवी मैत्रीण कोण आणि तिला मुले आहेत का. आणि हेही पाहायला की काम सुटले का, दारू वाढली का, बोलायला कोणी आहे का. सुरुवातीची मोजमापे वय, आधीचे गुन्हे, बळी ओळखीचा होता की अनोळखी, अशा न बदलणाऱ्या गोष्टींवर उभी होती. नंतर पोलिसांनी ‘आर्म्स’ नावाची पद्धत घेतली, तिच्यात आज बदलणाऱ्या गोष्टी मोजतात: संधी, मनातली लैंगिक व्यग्रता, स्वतःवरचा ताबा, आणि दुसऱ्या बाजूला नियमित काम, माणसांचा आधार, टिकलेले नाते. १८८० च्या कचेरीने अंदाजाने जे ओळखले होते ते इथे मोजपट्टीवर आले. या पोलिसाला घरात शिरण्याचा सरसकट अधिकार नाही, हेही ध्यानात घ्यावे. दार उघडले नाही तर न्यायालयाकडून वॉरंट आणावे लागते, आणि त्यासाठी आधीचे प्रयत्न दाखवावे लागतात. खरक सिंगच्या दारातला शिपाई आणि हा पोलीस यांच्यातला फरक नेमका इथे आहे.

मग ही व्यवस्था यशस्वी झाली का? अंशतः. २००१-०२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदीतले लैंगिक गुन्हेगार साडेअठरा हजारांच्या आसपास होते. वीस वर्षांत ते साठ हजारांच्या पुढे गेले. अडीच वर्षे किंवा त्याहून जास्त तुरुंगवास झालेल्याची नोंद बेमुदत असते, त्यामुळे वहीत येणारे येत राहतात आणि जाणारे थोडे. दारात जाणारे पोलीस त्या प्रमाणात वाढले नाहीत. म्हणून कमी धोक्याच्या काहींकडे ठरावीक भेटी बंद करून, काही कळले तरच जायचे, अशी तडजोड आली. १८७० च्या दशकातल्या त्या दीड लाख नावांच्या वहीची आठवण इथे टाळता येत नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप सरळ आहे: माझ्या शेजारी कोण राहतो हे आईबापांना कळले पाहिजे, पोलिसांनी माहिती दाबून का ठेवावी? मला हा आक्षेप हलका वाटत नाही. पण त्याचे उत्तर आता भावनेवर सोडण्याची गरज नाही. अमेरिकेत नोंदणी आणि जाहीर प्रसिद्धी वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वेळी आली, त्यामुळे दोन्हींचा परिणाम सुटा करून पाहता आला. जे. जे. प्रेस्कॉट आणि जोना रॉकॉफ यांनी २०११ मध्ये पंधरा राज्यांची आकडेवारी तपासली. पोलिसांकडच्या नोंदणीने गुन्हे कमी होताना दिसले, विशेषतः जिथे बळी ओळखीतला होता तिथे. जाहीर प्रसिद्धीने नव्या माणसांना थोडा धाक बसला असावा, पण नोंदीतल्या माणसांचे पुन्हा गुन्हा करणे वाढलेले दिसले. कारण समजण्यासारखे आहे. ज्याचे काम, घर आणि नाते सगळे गेले, त्याच्याजवळ राखण्यासारखे काही उरत नाही, आणि तो पत्ता बदलून नाहीसा होतो. ब्रिटनने मधला मार्ग काढला: २००८ मध्ये चार पोलीस विभागांत आणि २०११ पर्यंत सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये, मुलाच्या संपर्कातल्या एखाद्या विशिष्ट माणसाबद्दल आईबापांनी विचारावे आणि गरज असेल तर पोलिसांनी सांगावे, अशी सोय झाली. प्रश्न नेमका, उत्तरही नेमके, आणि ते ज्याला मुलाचे रक्षण करायचे आहे त्याच्याच कानावर.

दुसरा आक्षेप असा की हे लोक सुधारतच नाहीत, मग भेटी आणि आधार कशाला? कार्ल हॅन्सन आणि मोनिक ब्यूसिएर यांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र केले, २३ हजारांहून जास्त गुन्हेगारांचे. चार-पाच वर्षांच्या काळात १३.४ टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडले. उघडकीस न आलेले गुन्हे या आकड्यात नाहीत, त्यामुळे खरा आकडा मोठा असणार. तरीही सगळे सारखे धोकादायक नाहीत, एवढे यातून ठाम कळते. आणि म्हणूनच कोणाकडे महिन्याला जायचे आणि कोणाकडे वर्षाला, हे ठरवणारा माणूस लागतो. आधाराच्या बाजूनेही आंधळा विश्वास नको. ब्रिटिश तुरुंगांतला उपचारवर्ग कित्येक वर्षे चालला, आणि २०१७ च्या सरकारी अभ्यासात तो पूर्ण केलेल्यांपैकी १० टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्यात आले, न केलेल्यांपैकी ८ टक्के. तो वर्ग बंद करावा लागला. उलट कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात १९९४ मध्ये एका मेनोनाइट पाद्र्याने आणि त्याच्या मंडळीतल्या काहींनी कोणालाही नकोशा अशा सुटलेल्या माणसाभोवती नागरिकांचे कोंडाळे उभे केले: त्याला सोबतही करायची आणि जाबही विचारायचा. पोलिसांनी आधी साशंकपणे पाहिले, नंतर साथ दिली. ब्रिटनमध्ये क्वेकर मंडळींनी २००२ पासून हीच रीत चालवली.

तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा, आणि आपल्या इतिहासामुळे तो आपल्याला जास्त बोचला पाहिजे. शिक्षा भोगलेल्या माणसाच्या दारात सरकारने का जावे? गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्माला गुन्हा मानले; ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून निगराणीला तीन कुंपणे लागतात. न्यायालयात सिद्ध झालेला स्वतःचा गुन्हा, धोक्याच्या प्रमाणात देखरेख, आणि बाहेर पडण्याचा रस्ता. तिसरे कुंपण ब्रिटनमध्येही न्यायालयालाच घालावे लागले. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फेरविचाराची सोयच नसलेली आजन्म नोंद मानवी हक्कांशी विसंगत आहे. तेव्हा १५ वर्षांनंतर फेरतपासणी मागण्याचा हक्क मिळाला. आणि दारात जाणाऱ्या पोलिसावर तरी भरवसा कसा ठेवावा, हा प्रश्न महाराष्ट्राने विचारू नये तर कोणी? १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीतच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. पोलिसांना निर्दोष ठरवणारा १९७८ चा निकाल आला, त्याविरुद्ध देशभर स्त्रिया उठल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. एकट्या पोलिसाच्या मर्जीवर सोडलेली देखरेख मला मान्य नाही. जोडीने जाणे, प्रत्येक भेटीची लेखी नोंद, आणि इतर खात्यांच्या माणसांसमोर तिची उलटतपासणी, याची गरज तिथून येते.

आपल्याकडे २० सप्टेंबर २०१८ रोजी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने लैंगिक गुन्हेगारांची देशव्यापी माहितीपेढी सुरू केली. सुरुवातीलाच ४ लाख ४० हजारांच्या आसपास नोंदी, नाव, पत्ता, छायाचित्र, ठसे. ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते, हे शहाणपणाचे झाले. पण सुटलेल्याने पत्ता बदलल्याचे कळवावे, अमुक पोलिसाने त्याच्याकडे जावे, प्रोबेशन किंवा बालकल्याण खात्याने त्यात भाग घ्यावा, असे सांगणारा स्वतंत्र कायदा तिच्यामागे नाही. पत्ता कळवण्याचे जुने कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३९४ म्हणून आले आहे. त्याला दोनदा दोषी ठरणे लागते आणि मुदत पाच वर्षांपर्यंतच. महाराष्ट्रात हाताशी असलेले हत्यार तडीपारीचे. १९५१ च्या पोलीस कायद्याने माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर घालवता येते. लैंगिक गुन्हेगाराच्या बाबतीत त्याचा अर्थ, ज्या ठाण्याला तो ठाऊक आहे तिथून उचलून जिथे कोणालाच ठाऊक नाही अशा गावात सोडणे. त्यापेक्षा राज्यातल्या काही शहरांच्या पोलिसांनी राबवलेली गुन्हेगार दत्तक योजना, ज्यात रेकॉर्डवरचे ठरावीक गुन्हेगार ठरावीक अंमलदाराकडे सोपवतात, ही उंबरठ्याच्या जास्त जवळ जाते. तिचा रोख टोळ्या, घरफोड्या आणि सोनसाखळी चोरांवर राहिला. पण एका नावाला एक माणूस, हे तिचे मूळ तत्त्व बरोबर आहे. त्या अंमलदाराला वेगळे प्रशिक्षण, वेगळा वेळ आणि विचारायला एखादी समाजसेविका सोबत मिळाली, तर निदान काही जिल्ह्यांत हे काम सुरू होऊ शकते.

यानेही फार थोडे साधेल, हे मान्य करूनच ते करायला हवे. गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे ९० टक्क्यांहून जास्त बलात्कारांत आरोपी बळीच्या ओळखीचा असतो, आणि त्यातले बहुतेक आधी कधी दोषी ठरलेले नसतात, कारण आधीची तक्रारच झालेली नसते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला. तिने लगेच तक्रार केली. ते वाचल्यावर दुसरी एक मुलगी पुढे आली: त्याच आवारात, आदल्याच महिन्यात, त्यांतल्याच काहींनी तिच्यावर अत्याचार केला होता. दोन्ही गुन्ह्यांत असलेल्या तिघांना २०१४ मध्ये पुन्हा-पुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठीच्या नव्या कलमाखाली फाशी सुनावली गेली; २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती आजन्म कारावासात बदलली. त्या ऑगस्टमध्ये देशात कितीही मोठी वही असती, तरी जुलैचा गुन्हा तिच्यात असणे शक्य नव्हते. जुलैमध्ये पोलीस ठाण्याचा उंबरठा ओलांडण्याइतका भरवसा तिला वाटला नव्हता.